चौथ्या ट्रॅकमधलं बेअरिंग

सखारामअप्पांनी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर स्पीकरच्या खोक्यावर टेकवला, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. कागदाच्या मिलमध्ये तेहतीस वर्षं त्यांनी मशिनी अशाच ऐकल्या होत्या. कान त्या मशिनींनीच नेले. हाड तेवढं शाबूत होतं.

"लाव," ते म्हणाले.

हिमानीनं अल्बम सुरू केला. तिचा सातवा. पुण्यातल्या एका खोलीत, लॅपटॉपवर, सगळा एकटीनं केलेला. बोल नाहीत, ठेका नाही. आवाज सावकाश उमटायचे, पसरायचे आणि विरून जायचे. कुठकुठले लोक तिच्या नव्या अल्बमची वाट पाहायचे. हा आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "मले वाटलं, गॅस चालू राह्यला."

"आई, गाणं आहे हे."

"हो का? मंग सुरू झालं की सांग."

अप्पांनी हातानंच तिला गप्प केलं. चौथ्या ट्रॅकला त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"याच्यात मोटर आहे."

"समुद्र आहे तो, अप्पा!" हिमानी ओरडली. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावंच लागे.

"समुद्राले बेअरिंग नसते, माय."

"मुद्दाम ठेवलंय ते!"

"मुद्दाम असन तर असू दे." त्यांनी स्क्रूड्रायव्हर ठेवला, चपला घातल्या आणि लेक आली म्हणून मावा जिलबी आणायला निघून गेले.

संध्याकाळी पाठवण्याआधी तिनं चौथा ट्रॅक पुन्हा उघडला. एकेक आवाज सुटा करून ऐकला. अगदी तळाशी, हेडफोनला न सापडलेली, मोटर होती. लाटेसाठी खोलीतच घेतलेला पाण्याचा आवाज आठपट लांबवताना मागे चालू असलेला फ्रिजही आठपट लांबला होता. तिनं तो मुकाट्यानं काढला आणि अल्बम पाठवून दिला.

बाहेर अप्पा आईची नजर चुकवून तिसरी जिलबी खात होते. तिला पाहून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. आत्ता सांगितलं तर महिनाभर साऱ्या बुधवारा मोहल्ल्याला ऐकवत फिरतील, तिच्या मनात आलं. सकाळी सांगू.

सकाळी अप्पा उठले नाहीत.

नवव्या दिवशी मिलमधले चौघं जण बसायला आले. पुढे भिकनकाका, दोन नंबरच्या मशिनीवर ते आणि अप्पा जोडीनं होते. चहा झाला. अप्पा ड्युटीवर दुसऱ्यांच्या डब्यातली भाजी कशी बदलून टाकायचे, ते सांगून झालं. आईसुद्धा हसली.

"बाई, तुझं ते लाव ना," भिकनकाका म्हणाले. "निघालं म्हणतात कालच."

तिनं लावलं. चार म्हातारे स्पीकरभोवती सरकून बसले आणि शेकोटीवर धरावेत तसे त्यांनी खोक्यावर तळवे ठेवले. ऐकायला आलं किती, कुणास ठाऊक. पण माना डोलत होत्या.

"चौथं आलं का? आलं की सांग."

"हेच चौथं!"

भिकनकाकांनी दुसराही तळवा टेकवला. बराच वेळ तो तसाच राहिला.

"सखाराम त्या दिवशी जिलबीच्या दुकानावर भेटला होता मले. म्हणे, पोरीच्या समुद्रात मोटर आहे, पन ती काही मानत नाही." त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "तुम्हाले लागते का रे हाताले?"

"नाही बा."

"कुठं काय?"

"म्हणजे चुकलाच बिचारा." काकांनी हात काढून घेतला. "तेहतीस वर्षांत एक बेअरिंग चुकलं नाही त्याचं. होते, वय झालं की होते."

"नाही काका," हिमानी म्हणाली. "अप्पांचं बरोबर होतं."

"काय म्हणते?"

"बरोबर होतं त्यांचं."

"जोरानं बोल, बाई. आमचे चौघांचेबी कान सखारामसारखेच आहेत." चौघंही हसले.

हिमानी उठून उभी राहिली.

"समुद्र नव्हता तो! माझा फ्रिज होता!"

आई दारात आली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून पाहायला लागली.

"त्यांनी सांगितलं म्हणून सापडला! मग मी काढला!"

भिकनकाकांचा चेहरा उजळला. त्यांनी शेजारच्याच्या मांडीवर थाप मारली. "पाह्य! म्हटलं नव्हतं मी? चुकन कसा?" मग ते तिच्याकडे वळले. "सांगितलं मग त्याले? लई खूश झाला असन!"

हिमानीनं श्वास घेतला. खोलीतल्या कुणाकडेच न पाहता, अप्पांशी बोलताना लागायचा तेवढा सगळा जोर लावून ती ओरडली,

"अप्पा, तुमचं बरोबर होतं!"