दार लावून एक फेरी

जुन्या गाड्यांच्या पारख्याने पांढरे हातमोजे चढवले आणि झोपलेल्या सासऱ्याजवळ जावं तसा तो गॅरेजमधल्या गाडीजवळ गेला.

गाडी दोन माणसांची, बसकी, शर्यतीच्या घाटाची. रंग लाल, म्हणजे एके काळी. आता चोखून काढून ठेवलेल्या गोळीसारखा. बॉनेटला पोपडे, टायरांना भेगा, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. समोरच्या दिव्यात एक पाकोळी मरून पडली होती. पारख्याने तिलाही वाकून बघितलं.

"अहाहा! कुणी हात म्हणून लावलेला नाही!"

"आमच्या ह्यांनी कशालाच लावला नाही," आई म्हणाली. "घराचं छप्परही अजून तसंच गळतंय."

मुलाने डोळे वटारले. गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही, असं त्याने तिला सकाळीच बजावलं होतं. गाडीच्या पैशांतून त्याचा नवा फ्लॅट व्हायचा होता. त्यात आईची खोलीही होती. निदान नकाशात होती.

"मॅडम, रंगवून चकाचक केलेल्या गाड्या पैशाला पासरी मिळतात," पारखी म्हणाला. "गाडी नवी काय, कितीदाही करता येते. पण न दुरुस्त केलेली एकदाच असते. म्हणून तर दुप्पट किंमत!" बोलता बोलता त्याने केसांवरून हात फिरवला. केस मात्र त्याने मूळ अवस्थेत ठेवले नव्हते. कानामागे कलपाचा ओघळ वाळला होता.

मग त्याला दाराचं हँडल दिसलं. ते तारेने बांधलेलं होतं. त्याने खिशातून भिंग काढलं. "तारसुद्धा त्याच काळातली!"

"माझी कपडे वाळत घालायची तार तोडली होती ह्यांनी. आठवडाभर घरातल्या खुर्च्या ओल्या."

"वा! हे लिहून द्याल?"

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा एखादा असता तर भिंग खिशात घालून घरी गेला असता.

"लिहून देते," ती म्हणाली. "पण नेण्याआधी मला हिच्यातून एक फेरी मारून आणा. चौकापर्यंत. दार लावून."

"दार लावून म्हणजे?"

म्हणजे असं, की बायकोच्या बाजूचं दार लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून लागत नव्हतं. गाडी चालत होती तोवर नवरा गाडी चालवायचा आणि बायको दार. वळण आलं की ती दोन्ही हातांनी दार ओढून धरायची. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, बाई काय ऐटीत बसली आहे! दुरुस्तीचं नाव काढलं की नवरा म्हणायचा, मूळ चीज बिघडते. आता नवरा नव्हता. आज सकाळी तिने कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने चहा निवायच्या आत काम उरकलं.

आईने पुढे होऊन दार लोटलं.

खट्.

पारखी भिंतीला टेकला. "हे... हे काय झालं?"

"खटका. नवा आहे."

ऑपरेशन फसल्यावर डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेतात, तसं पारख्याने मुलाला बाजूला घेतलं. "किंमत निम्म्यावर आली. मी काही करू शकत नाही."

मुलगा रिकाम्या डब्यावर बसला. "आई, जुना खटका कुठाय?"

"कुलूपवाल्याने नेला. भंगारात."

"भंगारात!" पारख्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. पण माणूस धीराचा होता. उपाय आहे, म्हणाला. त्याच्या ओळखीत एक कारागीर होता, परदेशात शिकून आलेला. तो नवा खटका जुन्यासारखा मोडून द्यायचा. गंज हाताने लावायचा. दोन महिने लागायचे, खर्चही बख्खळ, पण मोडतोड अगदी अस्सल!

"दोन महिने?" आई म्हणाली. "आमच्या ह्यांनी एका लाथेत मोडला होता. हात नाहीच लावला."

मुलगा डब्यावरून उठला. "साहेब, घ्या मोडून. काय तो खर्च किमतीतून कापा."

"आधी फेरी," आई म्हणाली.

"अगं, कसली फेरी? इंजिन मेलंय, टायर फुटतील. तू नुसती बसलीस तरी सीट चिरेल आणि किंमत उतरेल!"

"उतरू दे. मी चढते."

ती आत बसली. सीट चिरली, आवाज सगळ्यांनी ऐकला. तिने दार ओढलं. खट्. आतून कुलपाची खिट्टी दाबली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आई, बाहेर ये."

ती समोर बघत होती. समोर गॅरेजची भिंत होती.

"मॅडम, प्लीज," पारखी म्हणाला आणि त्याने हँडल हलकेच ओढलं. मग जरा जोरात. मग मुलानेही त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ओढलं.

दार जागचं हललं नाही. हँडल तारेसकट पारख्याच्या हातात आलं.

काच वर्षानुवर्षं खाली होत नव्हती, त्यामुळे आईचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"जपून धरा हो. ओरिजनल आहे."

आणि उभ्या गाडीत, वळण आल्यासारखी, ती एका बाजूला छानपैकी कलली. हात मांडीवरच होते.