उचलताना बोलायचं

"काका, श्वास धरू नका," फिजिओ पुन्हा म्हणाली.

घड्याळजींनी डंबेल खाली ठेवलं. चेहरा लालबुंद झाला होता. डंबेल म्हणजे काही भीमाची गदा नव्हे, हात ते सहज पेलत होते. पण ते खांद्याशी येईपर्यंत घड्याळजींच्या तोंडाला कुलूप आणि नाकाला बूच.

"आयुष्यभराची खोड आहे ती," भिंतीकडच्या बाकावरून त्यांची बायको म्हणाली. "डोळ्याला भिंग लावलं की श्वास बंद. फुंकर लागली तर घड्याळाचं चाक उडून जातं ना! डबा घेऊन गेले की दुकानाच्या दारातच उभी राहायची मी, यांनी श्वास सोडेपर्यंत."

शेजारच्या ट्रेडमिलच्या पट्ट्यावर एक निवृत्त कंडक्टर चालत होते. हृदयाचं दुखणं त्यांचंही, पण तोरा असा की जणू बक्षीस मिळालंय.

"सोडा हो ते लोखंड," ते चालता चालता म्हणाले. "हृदयाला चालणं लागतं, चालणं! पहिलवानकी करून कुणाचं हृदय सुधारलंय?"

"चालतात की ते," बायको म्हणाली. "रोज सकाळी दुकानापर्यंत जातात. दम लागत नाही, काही नाही. बंद शटरकडे बघत उभे राहतात आणि चालत परत येतात."

"तेच तर, काकू," फिजिओ म्हणाली. "चालून काकांचा दम वाढलाय. पण शटर काही दमावर वर जात नाही, त्याला हात लागतात. हातात ताकद असली की तेच वजन हृदयाला कमी जाचतं. म्हणून दोन्ही हवं. ताकदही आलीये आता. पण असा श्वास कोंडून उचललं तर रक्तदाब एकदम चढतो. मग दुकान उघडा असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

घड्याळजी आपल्या हातांकडे बघत राहिले. केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवणारे हात. शटर उचलायला माणूस ठेवा, असं सगळ्यांचं सांगून झालं होतं. 'दुसऱ्यानं उघडलेल्या दुकानात मी पाहुणा,' एवढं एकच वाक्य ते त्यावर बोलले होते.

"उचलताना बोला काहीतरी," फिजिओ म्हणाली. "बोलणाऱ्याला श्वास धरता येत नाही."

"काय बोलू?"

"काहीही. आकडे म्हणा."

घड्याळजींनी डंबेल उचललं. आकडे म्हटले, पण मनातल्या मनात. चेहरा पुन्हा लाल.

"झालं!" बायको उठून उभी राहिली. "पोरी, यांना बोला म्हणण्यापेक्षा भिंतीला सांग. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तर नुसती मान हलवायची. थांब, मी विचारते. अहो, मान हलवायची नाही हं. उचला. आज भाजी कशी झाली होती?"

डंबेल वर आलं. "खारट."

"आणि काल?"

"खारट."

"जपून हो घड्याळजी!" कंडक्टर खो खो हसले. "जेवायला घरीच जायचंय तुम्हाला."

"मग इतकी वर्षं डबा चाटूनपुसून कसा यायचा परत?" बायकोनं विचारलं.

"एवढ्या उन्हातून यायचीस," घड्याळजी म्हणाले, आणि डंबेल वर गेलं. "ठेवणार कसा?"

चेहऱ्याचा लाल रंग उतरला होता. दुसऱ्या हातात घ्या, अशी फिजिओनं खूण केली. बायको बाकाच्या कडेला टेकली. काय काय साठलं होतं तिच्याकडे, देव जाणे. लग्नाआधी पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा काय वाटलं? "घाबरलो." थोरली परदेशी गेली त्या दिवशी बाथरूममध्ये एवढा वेळ काय करत होता? "रडत होतो. नळ सोडून."

मग तिचा आवाज खाली आला.

"गाडीतून दवाखान्यात आणत होते तुम्हाला. डोळे मिटलेले, पण ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होता?"

डंबेल अर्ध्यातच थांबलं. फिजिओ चटकन पुढे झाली. पण श्वास चालू होता.

"नाव कुठलं घेतोय! भांडत होतो त्याच्याशी," घड्याळजी म्हणाले. "म्हटलं, मला नेतोस तर ने. पण हिला अंधाराची भीती वाटते. वीज गेली की ही हाक कुणाला मारणार, तेवढं आधी सांग."

"मग? काय म्हणाला?"

"तो माझ्यासारखाच. बोलला काही नाही." डंबेल सावकाश खांद्याशी आलं. "परत पाठवून दिलं."

शेजारचा पट्टा बंद झाला होता. कंडक्टर कधी थांबले, कुणालाच कळलं नाही. बायकोनं चष्मा काढून पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"बास, काका," फिजिओ म्हणाली. "छान जमलं. शटरला थोडं तेल घाला आणि उद्या उघडा दुकान. डॉक्टरांना मी सांगते."

तिनं डंबेल घ्यायला हात पुढे केला. घड्याळजींनी ते दिलं नाही. ते बायकोकडे वळले.

"अजून काही विचारायचं राहिलंय का गं?"