हवेच्या डब्यातला सूर

शिवदासने ब्लेडचं पातं काळ्या झाकणाच्या कडेखाली सरकवलं आणि हात थांबवला. कडेचा लेप त्याचाच होता. नऊ वर्षांपूर्वी त्यानेच बोटाने फिरवून लावलेला. आत काय आहे ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना ते कधी कळू नये, ते दत्तारामबाब स्टूल ओढून त्याच्या खांद्याशीच बसले होते.

गाडी त्यांची. दोन सीटांची, बसकी, लाल, जर्मन. वीस वर्षांची झाली तरी कोरगावच्या रस्त्यावर माणसं तिच्यासाठी अजून थांबून बघत. इंजिनाच्या तोंडाशी हा डबा. इंजिन किती हवा ओढतं त्यावर आतली झडप हलणार, झडपेबरोबर एक बारीक काटा कार्बनच्या पट्ट्यावर सरकणार, आणि काटा जिथे उभा राहील त्या मापाने पेट्रोल सुटणार. हल्ली काटा झिजला होता, पट्ट्यावर चर पडले होते. चढावर गाडी उचकी लागल्यासारखी अडायची. दत्तारामबाबांच्या जहाजावरच्या भाच्याने हॅम्बर्गहून नवा काटा, नवा पट्टा आणला होता, कापसात गुंडाळून.

चहा घेऊन या, देवळातली कामं आटोपून या, असं शिवदासने दोनदा सुचवून पाहिलं. बाब हलले नाहीत. समुद्र ओलांडून आलेली वस्तू बसताना आपल्याला बघायचीय, म्हणाले.

झाकण निघालं. शिवदासने चिमट्याने जुना काटा सोडवला. अंगठ्याखाली दाबून रॉकेलच्या डब्यात टाकला असता तर विषय तिथेच बुडाला असता. त्याने तो तळहातावर ठेवला. नऊ वर्षं लपवलं होतं, पुरे झालं.

दत्तारामबाबांनी चष्मा कपाळावर सारला. काट्याच्या टोकाला पितळेची पातळ पट्टी जोडलेली होती, अर्धी झिजून गेलेली. तिच्या बुडाशी कुणीतरी सुईने कोरलेलं अक्षर मात्र शाबूत होतं.

"हा 'सा' कसला रे?"

"सुराचा."

"मोटारीत सूर?"

शिवदासने हात फडक्याला पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "बाब, आपल्या देवळातल्या पेटीचा रीड हा."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. गोवा राज्य व्हायच्या आदल्या सालचा सप्ताह. फोंड्याहून भजनाचे बुवा आणायला ही गाडी निघायची, आणि सकाळीच काटा तुटला. मुंबईहून मागवायचा तर पंधरा दिवस. पेटी तेव्हा सूर लावायला त्याच्याकडेच आली होती, उघडी पडलेली. त्याला लवचीक पितळ हवं होतं, आणि पेटीच्या अगदी डाव्या टोकाशी बोट सहसा जात नाही. बुवा वेळेवर पोचले. पेटीची ती डावी पट्टी मात्र तेव्हापासून मुकी. पेटीवर तोच बसायचा, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. धाकू पखवाजवाल्याने एकदा विचारलं होतं, तू डावीकडे खड्डा असल्यासारखा काय वळतोस रे. ते त्याने हसण्यावारी नेलं.

दत्तारामबाब देवस्थानचे महाजन, देवळाच्या कारभारात शब्द चालणारे. दर सोमवारी भजनाला पुढच्या ओळीत बसणारे. देवाच्या वस्तूला हात लावला म्हणून त्यांनी एक शब्द टाकला, की शिवदासची पेटीवरची जागा गेली. बापाकडून आलेली जागा. तो त्या शब्दाची वाट बघत उभा राहिला.

"आधी नवीन बसव," ते म्हणाले.

त्याने पट्टा बसवला. काट्याचा दाब केसाइतका कमीजास्त करून पाहिला, झडप बोटाने उघडून मिटून बघितली, झाकणाच्या कडेने नवा लेप फिरवला. इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं. पाय दाबला तरी उचकी नाही. आवाज एका दमात वर चढला, एका दमात खाली आला.

दत्तारामबाब गाडीत बसले नाहीत. झिजलेला रीड त्यांनी रुमालाच्या टोकात बांधला आणि गाठ दातांनी आवळली. मग शिवदासकडे न बघताच म्हणाले, उद्या सोमवार, भजनाआधी देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, चुकीची माफी मागायची. नारळ ते आणतील. गुरवाला त्याने सांगून ठेवावं, आणि देवळातली पेटी बाहेर काढायला जरा लवकर यावं.

"गाऱ्हाण्यात काय सांगूचा?" शिवदासने विचारलं.

"जां झाला तां सांग." बाब चपलेत पाय घालत थांबले. "पण पयला नाव माझा घे. नऊ वर्सां त्या सुरावर फिरलंय तो मी."