वुकोता गावी आला

शेवटच्या वळणावर अॅकॉर्डियन ऐकू आलं आणि वुकोताने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबव जरा, पेरिशा."

वर लिपोवाच्या चौकात, अक्रोडाच्या झाडाखाली लांबच लांब टेबलं मांडली होती. निखाऱ्यांवर अख्खी कोकरं फिरत होती. बायका पराती घेऊन पळत होत्या, म्हातारे टोप्या उडवत होते.

"हे कुणाचं लग्न?"

"तुमचंच दिसतंय, साहेब," पेरिशा म्हणाला. "झाडाला तुमचा फोटो लावलाय."

राष्ट्राध्यक्षपदाच्या मतमोजणीत पहिल्या फेरीला वुकोता पुढे होता. टीव्हीवरही तसंच सांगितलं होतं. मग पारडं फिरलं, आणि पुन्हा मोजूनही फिरलेलंच राहिलं. आज सकाळी त्याने नव्या राष्ट्राध्यक्षाला फोन करून अभिनंदन केलं होतं. आईला आपल्या तोंडानेच सांगावं म्हणून तो लगेच गाडीत बसला. हरला तोही केवढ्याशा फरकाने! "एवढी माणसं तर आमच्याकडे बारशाला जेवतात," असं म्हणत पेरिशा घाटभर चरफडत होता.

"ह्यांना पहिल्या फेरीचंच कळलंय," वुकोता म्हणाला. "नंतर डोंगरावरचा टॉवर बंद पडला असणार. नेहमीचंच आहे."

"मग आता?"

"आता काय, सांगावं लागेल."

लोहाराच्या दुकानामागच्या खोलीत त्याने पक्ष काढला, तेव्हा सभासदांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. जुन्या राजवटीने त्याला एक हिवाळाभर तुरुंगात डांबलं. तिथून तो बाहेर आला तो लोकांच्या खांद्यावर बसूनच. मग खासदार, पंतप्रधान, शेवटी राष्ट्राध्यक्ष. सीमेवर बंदुका रोखल्या गेल्या तेव्हा त्याने शेजारच्या देशाच्या नेत्याला तळ्यावर मासे पकडायला नेलं आणि तह करूनच परत आणलं. एकही गोळी सुटली नाही. देशभर त्याचं नाव झालं.

लिपोवात मात्र तो यायचा तो अर्ध्या तासासाठी, कॅमेरे बरोबर घेऊन. वडील गेले तेव्हाही मूठभर माती टाकून तसाच विमानतळावर गेला होता. तरी प्रत्येक निवडणुकीत हे गाव एकगठ्ठा त्याच्यामागे उभं राहिलं. म्हणूनच आज त्याचा पाय उचलत नव्हता.

गाडी दिसताच सगळा चौक ओरडला. काळा रुमाल बांधलेली योका, त्याची आई, गर्दीतून वाट काढत आली आणि तिने दोन्ही हातांनी त्याचे गाल धरले.

"किती वाळलास रे! राजधानीत भाकरी मिळत नाही का?"

"आई, मला तुला एक सांगायचंय."

"आधी जेव."

"आई, महत्त्वाचं आहे."

"जेवण महत्त्वाचं नाही? बस!"

त्याच्यापुढे मांसाचा डोंगर आला. सायीचं चीज आलं, गरम पाव आला. शाळेतला जोडीदार साव्हो प्लमच्या दारूची, राकियाची बाटली घेऊन शेजारी आदळला.

"हात बघू. छे! गाद्यांवर बसून बसून हातसुद्धा मऊ झाले तुझे."

"साव्हो, ऐक ना. निकाल असा आहे की..."

"निकाल गेला खड्ड्यात. पी! शाळेत तरी तुझा निकाल कधी ऐकण्यासारखा होता?"

टेबलभर हशा पिकला. वुकोतालाही हसू फुटलं. पेरिशा कधीच पलीकडच्या टेबलावर जाऊन दुसरं कोकरू फाडायला बसला होता.

मग कोलो, हातात हात धरून रिंगणात नाचायचा नाच, सुरू झाला. बायकांनी त्याला ओढून रिंगणात घेतलं. पहिल्या फेरीत त्याने दोघींच्या पायांवर पाय दिले.

"अहो राष्ट्राध्यक्ष, देशही असाच तुडवत होता का?" एक म्हातारी ओरडली.

त्याने कोट काढून फेकला. टाय एका बकरीच्या गळ्यात गेला. दुसऱ्या फेरीत पायांना जुनी ओळख पटली, आणि तिसऱ्या फेरीला तर रिंगणाचं टोक त्याच्याच हातात होतं. घाम निथळत होता, छाती भात्यासारखी चालत होती, आणि त्याला कळलं की सकाळपासून आपण एकदाही घड्याळ पाहिलेलं नाही. इतकं मोकळं त्याला कधी वाटलं होतं, तेही आठवेना.

बाकावर बसलेली आई टाळ्या वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला आणि त्याला एकदम लाज वाटली. ह्या माणसांनी आपल्यासाठी कोकरं कापली आणि आपण खोट्या विजयावर नाचतोय!

तो बाकावर चढला.

"बंद करा! अॅकॉर्डियन बंद करा!"

सूर थांबले. रिंगण जागच्या जागी उभं राहिलं.

"लिपोवाकरांनो," तो म्हणाला. "सगळ्यांनी साथ सोडली तेव्हाही तुम्ही सोडली नाहीत. तुमच्याशी मला खोटं बोलवत नाही. टीव्हीवर सांगितलं ते पहिल्या फेरीचं होतं. मी हरलोय. उद्यापासून मी कुणीही नाही."

साव्होने हातातला पेला खाली ठेवला. सगळे योकाकडे बघू लागले. वुकोताही बघत राहिला. ह्या वयात तिला हा धक्का सोसेल का?

योका सावकाश उठली. तिने एप्रनला हात पुसले.

"माहीत आहे रे," ती म्हणाली. "तू घरी यावास म्हणून घरोघर फिरून मीच तर पाडलं तुला. आता खाली उतर, कोकरू गार होतंय."