हिरवी खूण

पुनमच्या कोडवर तपासणीच्या प्रोग्रामने पुन्हा लाल रेघा ओढल्या, आणि दयानंद खुर्ची वळवून हसला. त्याच्या कोडवर कायम हिरवी खूण असायची.

"विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काय शिकलात, मॅडम?"

हे तो रोज विचारायचा. नांदेडच्या त्या ऑफिसात त्याचा तोरा बघवत नसे.

तिथं अर्धापूरच्या केळी पिकवायच्या खोल्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. मालक मल्लिनाथरावांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हिरवं ते चांगलं, एवढीच त्यांची अक्कल. लातूरला नवी शाखा निघत होती आणि तिचा प्रमुख हिरव्या खुणेवरूनच ठरणार होता. पुनमला ती जागा हवी होती, कारण लातूरला तिची आजारी आई एकटी राहायची.

तिनं मालकांना सांगून पाहिलं. कोडच्या एकेका तुकड्यात, म्हणजे फंक्शनमध्ये, आकडा येणार की मजकूर, हे त्याच्या वर लिहिलं तरच प्रोग्राम ते तपासतो. काहीच लिहिलं नाही, तर न बघता पुढे जातो. ती लिहिते, म्हणून तिच्या चुका दिसतात; दयानंद काही लिहीतच नाही.

"जळायलीस का गं?" मल्लिनाथराव म्हणाले.

दयानंद त्यांच्या नायगावचा. आपल्या गावचं पोर म्हणून त्याला मुलाखतीशिवाय घेतलं होतं. पुनमची मात्र दोन तास उलटतपासणी झाली होती.

थंडीत अर्धापूरहून फोन आला, तिथं पिकवायची खोली चालवणाऱ्या शेतकरी भुजंगरावांचा. अठरा अंशांवर ठेवायची खोली पहाटेच्या गारठ्यानं नऊवर उतरली, तर मशीन उलट ती आणखी गार करायला लागलं. सगळी केळी काळी पडली.

पुनमनं दयानंदचं फंक्शन उघडून दाखवलं. तापमान आकडा म्हणून नाही, मजकूर म्हणून तोललं जात होतं. नुसतं पहिलं अक्षर, नऊचा ९ आणि अठराचा १, बघून मशीनला नऊ हे अठरापेक्षा मोठं वाटलं होतं.

शेतकऱ्यानंच सडका माल भरला असणार, या पोरीला काय कळतंय, असं दयानंद बडबडत होता. मालकांनी त्याला हातानंच थांबवलं.

"मग तपासणीत हे घावलं कसं न्हाई?"

"सर, ज्याच्यावर काही लिहिलेलं नसतं, त्याला तो प्रोग्राम काही विचारतच नाही. चांगलंच असेल म्हणून सोडून देतो."

मल्लिनाथराव दयानंदकडे वळले. मग तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "दया, तुझं कॉलेज कोणतं रे?"

दयानंदनं स्क्रीनवरच्या हिरव्या खुणेवरून नजर काढली नाही.

"बारावी नापास हाय, काका. तुम्ही कधी विचारलंच न्हाई."