हिसका न देता

"सावकाश हं," दवाखान्याच्या फाटकातून टॅक्सी बाहेर पडताच मास्तर म्हणाले. मागच्या सीटवर त्यांची बायको पोटाशी उशी धरून बसली होती. ऑपरेशनला आज चौथा दिवस.

टॅक्सीवाले काका नुसते "हं" म्हणाले.

बरंच पुढे सिग्नल लाल होता. काकांनी ब्रेकला पाय लावलाच नाही. एक्सिलरेटरवरचा तेवढा काढला. गिअर तसाच. इंजिनच गाडीला आवरत गेलं. चौकाशी येईपर्यंत गाडी रांगायला लागली आणि सिग्नल हिरवा झाला. न थांबता ती पुढे सरकली.

मास्तरांना वाटलं, नशीब. पुढच्या चौकातही तेच झालं, तेव्हा ते नीट बघू लागले. काकांची नजर पुढच्या गाडीवर नव्हतीच. तिच्या पलीकडच्या चौथ्या गाडीवर होती. तिचा मागचा दिवा लागायचा अवकाश, काकांचा पाय वर. वीस वर्षं स्वतः गाडी चालवूनही मास्तरांना हे कधी सुचलं नव्हतं.

मागचा व्हॅनवाला हॉर्नवर हात ठेवूनच होता. बाजूने पुढे जाताना ओरडला, "येत नसेल तर ढकलत न्या!"

"त्याला घाई आहे," काका म्हणाले. "आपल्याला टाके."

मागून हसू फुटलं आणि मध्येच तुटलं. "काका, हसवू नका हो. दुखतं."

पूल ओलांडल्यावर लांबलचक उतार लागला. मास्तरांना राहवलं नाही. "न्यूट्रल करा की. अलगद जाईल."

"जाईल. पण मग तिच्या मनाने जाईल."

काकांनी गिअर खाली घेतला आणि क्लच इतका हळू सोडला, की इंजिनाचा आवाज बदलला तेवढंच कळलं.

घरासमोर गाडी कधी थांबली ते मास्तरांना उमगलंच नाही. खिडकीतून दिसणारं घराचं फाटक मागे सरकत नाही म्हणून लक्षात आलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेली त्यांची बायको तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती.

"आलो की. बंद करा इंजिन," मास्तर कुजबुजले.

काकांनी मान हलवली. "बंद होताना जरा थरथरते ही. जाग येईल वहिनींना."

मास्तरांनी दाराच्या कडीवरचा हात काढून घेतला.