कोब्याचा मान

"आधी बूट घाला!" धनेश दारातूनच ओरडला.

आत सगळे मोज्यांवर उभे होते. मशिनी चालू होत्या आणि सेफ्टी शूज दाराबाहेर ओळीनं मांडलेले होते, देवळाबाहेर चपला असतात तसे.

"लक्ष्मणराव, तुम्ही सगळ्यांत सीनियर. तुम्हीसुद्धा?"

"मालक, खाली बगा की जरा," लक्ष्मणराव लेथवरून म्हणाले. ते मूळचे परभणीचे. "माझं तोंड दिसायलंय त्याच्यात. आपल्याच तोंडावर बूट ठेवू का?"

धनेशनं खाली पाहिलं. तोंड खरंच दिसत होतं.

चाकणमधल्या या वर्कशॉपच्या कोब्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. झाडलं की सिमेंटची पूड उडायची, तयार पार्टवर बसायची आणि पार्ट परत यायचे. वैतागून धनेश टाइल्स घालायला निघाला होता. सांगवीच्या रोहिदास पॉलिशवाल्यानं त्याला अडवलं. "जड मशिनखाली टाइल्स फुटतील, भाऊ. कोबा दणकट आहे तुमचा. नुसतं वरचं साल काढू." त्यानं हिऱ्याची पूड बसवलेल्या चकत्यांची मशिन फिरवली. आधी भरड चकत्या, मग बारीक, मग त्याहून बारीक. मध्येच पाण्यासारखं एक द्रावण ओतलं. ते सिमेंटमधल्या चुन्याशी जुळून आतल्या आत घट्ट झालं आणि पूड उडायची थांबली. सालाखालून काळ्या दगडाची खडी वर आली. ट्यूबलाइट आता छतालाही होत्या आणि जमिनीतही.

जमीन घसरडी होईल का, हे धनेशनं दोनदा विचारून घेतलं होतं. घसरवतं ते सांडलेलं तेल आणि धूळ, चमक नव्हे, असं रोहिदासनं पाणी ओतून, त्यावर चालून दाखवलं होतं. सगळ्या शंका फिटल्या होत्या. माणसं पायातलं काढून आत येतील, ही शंका मात्र कुणालाच आली नव्हती.

"आज विजयश्री मॅडम येणार आहेत," धनेश म्हणाला.

मॅडम मोठ्या कंपनीच्या सुरक्षा तपासनीस होत्या. त्यांची सही झाली तर ब्रेकच्या पार्टचं काम मिळणार होतं. नाही झाली तर रात्रीची शिफ्ट बंद, आणि त्या शिफ्टमधली माणसं घरी. मागच्या खेपेला त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "नियम भिंतीवर आहेत. माणसांत दिसले नाहीत."

"म्हणून सांगतो," धनेश म्हणाला, "बूट घाला. आणि बिनबुटाचा माणूस आत दिसला की मशिन बंद करा. माझी वाट बघू नका."

"न्हाई म्हंजे, एवढं उजळलंय आन् त्याच्यावर बूट?" छबूबाई फडकं घेऊन पुढं आल्या. वर्कशॉपची झाडलोट त्यांच्याकडं होती. "ह्या जमिनीची धूळ खाऊन खाऊन मला खोकला लागला व्हता. आता कुठं तिला रूप आलंय, दादा."

"मावशी, आज मॅडमसमोर तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

"ऱ्हायलं! न्हाई बोलत."

शेवटी तोड निघाली. सगळ्यांनी बुटांचे तळवे नळाखाली घासले, छबूबाईंनी एकेक तपासला, मग बूट पायात गेले. लक्ष्मणरावांनी आत पाय ठेवण्याआधी वाकून कोब्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

मॅडम आल्या. धनेश पुढं होऊन, हात करत करत, एकेक गोष्ट दाखवू लागला. छबूबाई दाराशी फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खरंच एक अक्षर काढलं नाही. नुसतं मॅडमच्या बुटांकडं पाहिलं, मग कोब्याकडं पाहिलं, आणि एक उसासा सोडला.

धनेशचं तिकडं लक्ष नव्हतं. तो आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख वाचून दाखवत होता. मॅडम मागून येत होत्या, इतक्या हलक्या पावलांनी की त्या मागं आहेत ना, हे त्याला वळून पाहावं लागलं. त्यांचा चेहरा कोरा होता. त्यांनी मशिनवरच्या जाळ्या हलवून पाहिल्या. प्रत्येकाच्या पायांकडं पाहिलं.

तेवढ्यात लक्ष्मणरावांनी लेथचं लाल बटण दाबलं. ते पाहून शेजारच्यानं दाबलं, मग त्याच्या शेजारच्यानं. वर्कशॉप एकदम शांत झालं.

"काय झालं?" धनेश गर्रकन वळला. "लाइट गेली?"

"लाइट हाय, मालक. बिनबुटाचं माणूस आत आलंय."

धनेशनं घाबरून एकेका कामगाराचे पाय पाहिले. सगळ्यांच्या पायात बूट. स्वतःचे पाय पाहिले. बूट.

मॅडम मात्र पहिल्यांदाच हसल्या. "मला हेच बघायचं होतं. मालक पाठमोरा असताना, कुणी न सांगता, मशिनी थांबल्या. असं फार कमी ठिकाणी पाहिलंय मी." त्यांनी फाइल उघडली आणि जाळीला टेकवून तिथंच सही ठोकली. मग पेन तसंच हातात धरून त्या लक्ष्मणरावांकडं वळल्या. "आता फक्त आत आलेल्या त्या माणसाचं नाव लिहायचं राहिलं. पूर्ण नाव सांगा. कुणाला घाबरू नका."

लक्ष्मणरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

"विजयश्री एवढंच ठाऊक हाय, मॅडम. आडनाव तुमीच सांगा."